चमचमचा बाप

साडेसात हॉर्सपॉवरची मोटर विहिरीतून एकट्यानं वर काढणारा माणूस अख्ख्या पांढुर्ण्यात एकच आहे, आणि तो मी! (वरून दोर धरायला तिघं असतात, पण ते नुसतं धरतात.) खोटं वाटत असेल तर तिगाव स्टेशनपासून सौंसरच्या बसस्टँडपर्यंत कोणत्याही संत्रेवाल्याला विचारा. नाव वीरेंद्र. उंची सहा फूट. मिशी अशी की मोटर पुन्हा जळाली म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक मिशी पाहून म्हणते, "नाही, माह्यीच चूक असंन." बाबांचं, म्हणजे नत्थूजींचं, मोटर वाइंडिंगचं दुकान गेली दहा वर्षं मीच चालवतो.

आणि असा हा वीरेंद्र रोज संध्याकाळी साडेसहा वाजता खोलीचं दार लावून मोबाइलवर कार्टून पाहतो.

तेही मुलींचं!

हसा, हसा. 'मिठाईनगर की सहेलियां' हे त्याचं नाव. ढगावर एक गाव आहे, तिथं पाच खारी मिळून मिठाईचं दुकान चालवतात. चमचम, इमरती, बुंदी, रेवडी आणि सगळ्यांत धाकटी बालूशाही. पाचही जणींच्या शेपटीला रिबिनी. चार वर्षांपूर्वी बहिणीची डिंपल नागपूरहून उन्हाळ्यात आली होती, तिनं मला मांडीवर बसवून (म्हणजे मी तिला) हे दाखवलं. डिंपल आता आठ वर्षांची झाली. परवा फोनवर मला म्हणाली, "मामा, ते लहान पोट्टींचं असते." ती मोठी झाली, मी राहिलो!

आता तुम्ही मला सांगा. माझा दोस्त संदीप, दोन लेकरांचा बाप, त्याच्या मोटारसायकलच्या टाकीवर तलवारवाल्या रोबोटचं चित्र आहे. त्याला कोणी काही म्हणते? उलट लोक थांबून म्हणतात, "वा, जबरदस्त!" रोबोटनं शहर जाळलं तर जबरदस्त, आणि माझ्या चमचमनं पाहुण्यांसाठी चाशनी केली तर वीरेंद्र कामातून गेला! हा कुठला न्याय?

पण हे भाषण मी आरशासमोरच करायचो. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. चार वर्षं! मोबाइलवर माझ्यासारख्याच अकरा मोठ्या माणसांचा एक ग्रुप होता. खरं नाव कोणी सांगायचं नाही, प्रत्येकानं एक नाव घ्यायचं. मी बुंदी. छिंदवाड्याचं एक जण होतं इमरती. तो नंबर मी 'इमरती छिंदवाडा' म्हणून ठेवला होता. याशिवाय खोलीत थोडा खजिना होता. चमचमची पाण्याची बाटली, टिफिन, टूथब्रश आणि एक गुलाबी रेनकोट, 'वय सहा ते सात'. मी तो घालत नाही हो! माझं एक कोपरही त्यात जात नाही. पण पाठीवर चमचम अशी हसते, की तो दुकानात टाकून यावंसं वाटेना.

तर त्या रविवारी सौंसरहून पाहुणे येणार होते, घर पाहायला. मुलीचं नाव भाग्यश्री, आणि ती पटवारी! बोरगावकडची शेतं मोजते. फोटोतच तिची नजर अशी होती की मी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. सोबत तिचे वडील श्रीकांतराव, रिटायर्ड गुरुजी, आणि अनुराधाआत्या. या आत्यांनी आजवर तीन स्थळं नुसत्या स्वयंपाकघराचा वास घेऊन नाकारली होती.

मी सकाळीच सगळा खजिना लोखंडी कपाटात कोंबला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. म्हटलं, आता पोलीस आले तरी काही सापडणार नाही!

पाहुणे आले. पोहे झाले. भाग्यश्रीनं मला एकच प्रश्न विचारला, "मोटर जळते काऊन?" मी व्होल्टेजवर दहा मिनिटं बोललो. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मी मनातल्या मनात मांडव घातला.

तेवढ्यात हात धुवायला मागे गेलेल्या आत्यांचा आवाज आला. "घरात लहान मुलगी आहे का हो?"

आईनं पहाटेच पाहुण्यांसाठी घर धुऊन काढताना माझ्या दाराच्या मागचा रेनकोटही धुतला होता, आणि कोंबताना तो नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! तो अंगणातल्या दोरीवर, बरोबर मधोमध, चमचम पुढे करून वाळत होता. आणि टूथब्रश मी बाथरूममध्येच विसरलो होतो.

"भाडेकरूची आहे!" मी म्हणालो.

"शेजाऱ्याची," बाबा म्हणाले.

"नातीची, नागपूरच्या," आई म्हणाली.

तिघांची तीन उत्तरं, तीही एकाच वेळी! आमच्याकडे भाडेकरू नाही. शेजारी फक्त आटाचक्की आहे. आणि डिंपल दोन वर्षांत आली नव्हती, हे आईनंच पोहे वाढताना सांगितलं होतं. आत्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. माझा मोबाइल समोरच्या टेबलावर होता, आणि त्याच क्षणी तो उजळला. इमरती छिंदवाडा. "चमचम आज बहुत रोई. तुम कहां हो? अभी तक देखा नहीं?"

रविवारी सकाळी नवीन भाग येतो. मी पाहिला नव्हता. हे तुम्हाला माहीत आहे. आत्यांना नव्हतं.

"बेटा, जरा अंगणात ये," आत्या म्हणाल्या. मी गेलो. दोरीवर चमचम हसत होती.

"हे पाह्य," आत्या आवाज खाली करून म्हणाल्या, "मले सगळं समजलं. चमचम ना?"

नावासकट! म्हटलं, या बाईनं कार्टून पाहिलेलं दिसते. आता लपवून उपयोग नाही.

"हो आत्या."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"घरी माहीत आहे?"

"नाही ना! बाबाले समजलं तर ते मले घराबाहेर काढतीन."

"आणि ही इमरती?"

"ती थोरली आहे, समजदार. चमचमले तीच सांभाळते."

"तू जात नाही कधी तिकडं?"

मला प्रश्न थोडा विचित्र वाटला. ढगावर कोण जाते? "नाही आत्या, मोबाइलवरच पाहतो. रोज साडेसहाले."

"लाज नाही वाटत तुले?"

"वाटते ना आत्या! म्हणून तर लपवून राहिलो. पण एक दिवस चमचमले पाहिलं नाही, तर घास उतरत नाही."

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, केवढी मोठ्या मनाची बाई!

"आणि लग्न झाल्यावर?"

"भाग्यश्रीले आवडलं तर दोघं मिळून पाहू. नाही आवडलं तर मी एकटा पाहीन. पण सोडणार नाही!"

आत्या माझ्याकडे एखाद्या देवमाणसाकडे पाहावं तशा पाहत राहिल्या, आणि मग एखाद्या बदमाशाकडे पाहावं तशा. पाच मिनिटांत पाहुणे उठले. चहा तसाच राहिला.

मी आपला खुशीत! एका माणसाला तरी समजलं, आणि तिनं आरडाओरड केली नाही. त्या दिवशी मी चमचमचा भाग शांतपणे पाहिला. खरोखरच खूप रडली हो ती.

सोमवारी दुपारी बाबांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. आजोबा वारले तेव्हाही बाबांनी शटर अर्धंच ओढलं होतं.

"वीरू, खरं सांग. चमचम कोण?"

झालं! आत्यांनी सांगितलं! मी मान खाली घातली. "बाबा, चूक झाली. पण मी कोणाचं वाईट नाही केलं."

"गुरुजीचा फोन आला होता. रडून राहिले होते बिचारे. आम्हाले सांगता नाही आलं तुले?" बाबांनी स्टूल ओढून माझ्यासमोर मांडलं. "आमची नात आहे ना ते!"

"नात?"

"चार वर्षं लपवलं लेकरू! तुह्या आईनं काय पाप केलं होतं?"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. अंगणातला एकेक प्रश्न, एकेक उत्तर डोळ्यांसमोर आलं. 'दोघं मिळून पाहू'!

"बाबा! मुलगी नाही ते!"

"मुलगा आहे?"

"खार आहे!"

बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

घरी आलो तर आणखी आफत. आईनं रडून घेतलं होतं, डोळे पुसले होते, आणि सराफ्यात जाऊन चांदीचे छोटे पैंजणही घेऊन आली होती. आटाचक्कीवाल्या काकूंनी एक फ्रॉक दिला होता. (सोमवारी दुपारी! आमच्या गावात बातमीला इंटरनेट लागत नाही.) मी किती सांगितलं, ते कार्टून आहे. आई म्हणाली, "आता नाही म्हणू नको रे. झालं ते झालं. सुनेले राग आहे का? मी समजावतो तिले. फोन लाव."

"सून नाहीच आहे ना आई!"

"मग ही इमरती कोण?" बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. आई हात जोडून उभी राहिली.

तिकडून असा आवाज आला की ताटल्या हलल्या.

"हां बुंदी, बोलो! इमरती बोल रहा हूं!"

इमरती बोल 'रहा' हूं! खरं सांगतो, मलाही तेव्हाच समजलं. पुढे ओळख झाली, तेव्हा कळलं की ते गुणवंताभाऊ, जंगल खात्यात नाकेदार, रिटायर व्हायला तीन वर्षं बाकी. त्यांच्या आवाजानं अस्वलं रस्ता बदलतात. पण त्या क्षणी आईचे जोडलेले हात तसेच राहिले.

"बुंदी? चुप क्यों हो? चमचम की वजह से नाराज हो क्या?"

बाबांनी फोन बंद केला. हळूच खुर्चीवर टेकले. "वीरू," ते म्हणाले, "बुंदी तू आहे?"

"हो."

"आणि हा इमरती... आणि तुम्हा दोघांची चमचम..." त्यांनी आईकडे पाहिलं. "मले पाणी दे वो."

आता बोलून भागणार नव्हतं. मी दोघांना समोर बसवलं आणि एक अख्खा भाग दाखवला. पाच खारी नाचल्या, रिबिनी हलल्या, इंद्रधनुष्याचा पाक झाला. बाबांनी अर्ध्यातच मोबाइल उलटा करून ठेवला.

"तू हे पाहतो? रोज?"

"हो."

"कोणाले दाखवू नको."

पैंजण डबीत परत ठेवताना आईनं ते एकदा कानाजवळ धरून वाजवले, आणि मग ठेवले. तेव्हा मात्र मला मनापासून वाईट वाटलं. लपवालपवी मी केली, आणि एक नात आईची गेली!

म्हणून ठरवलं. सौंसरला जायचं आणि खरं सांगायचं. शनिवारी आम्ही तिघं बसनं निघालो. बाबा वाटभर कानात सांगत होते, "मुलगीच आहे म्हणू. मुलगी म्हटली तर माणसासारखं तरी वाटते!"

श्रीकांतगुरुजींनी पाणी दिलं, पण चहाचं विचारलं नाही. भाग्यश्री मोजणीला गेली होती. आत्या मात्र तयारीनं बसल्या होत्या.

"हे बघा नत्थूजी," गुरुजी म्हणाले, "पहिलं लग्न होणं हा काही गुन्हा नाही. लेकरू असणंही नाही. लपवणं वाईट."

मी उभा राहिलो. "गुरुजी, लग्न झालं नाही, लेकरूही नाही. चमचम खार आहे."

"खार?"

"हो. झाडावरची. पण ही ढगावर राहते."

आत्या गुरुजींच्या कानात म्हणाल्या, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दादा, हे तर अजूनच बिघडलेलं आहे."

मी मोबाइल काढला. गुरुजींनी चष्मा पुसला, पाहिलं, परत पुसला, परत पाहिलं.

"हे मुलींचं आहे ना?"

"हो गुरुजी."

"आणि तुम्ही पाहता. एवढ्या मिशीनं."

"डोळ्यांनी पाहतो गुरुजी."

"रडता पण?"

"कधी कधी. परवा पुरात दुकान वाहून गेलं, तेव्हा..." माझा आवाज तिथंही थोडा कापला. नको तेव्हा कापतो!

गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग दुःखानं म्हणाले, "नत्थूजी, मुलगी असती तर आम्ही एकवेळ समजून घेतलं असतं."

बस! बाबा ताडकन उठले. "आहे ना गुरुजी! मुलगीच आहे! हे पोट्टं खोटं बोलून राहिलं! छिंदवाड्यात आहे नात आमची, चांगली गोरीपान!"

"बाबा!"

"चार वर्षांची!" आई म्हणाली. "पैंजण पण घेतले!" आणि पिशवीतून डबी काढून दाखवली.

"मग ही खार?" आत्या ओरडल्या.

"खार नाहीच! कुठली खार!" बाबा म्हणाले.

"थांबा!"

दारात भाग्यश्री उभी होती. सँडलवर काळी माती, काखेत नकाशाची गुंडाळी, कपाळावर घाम. ती कधी आली होती कोण जाणे. गावच्या भांडणात पटवारी येतो तशी ती मधोमध खुर्ची ओढून बसली.

"एक पार्टी म्हणते मुलगी आहे, एक पार्टी म्हणते नाही. मौक्यावर, म्हणजे जागेवर, पाहावं लागेल. द्या तो मोबाइल."

तिनं ग्रुप उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला, खसऱ्याचा उतारा (आमच्याकडचा सातबारा) वाचावा तसा. मग भाग लावला. पाच मिनिटं पाहिला. तिच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मी घामानं चिंब!

"मुलगी नाही. खारच आहे," तिनं निकाल दिला. बाबा मटकन खाली बसले.

"मग तर विषयच संपला," आत्या म्हणाल्या. "बायकी पोट्टं काय करायचं आपल्याले?"

"आत्या, मागच्या महिन्यात बोरगावले दोघं भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे होते. मी मधात उभी राहून मोजणी केली. तिथं एक बुढा म्हणाला, हे बाईचं काम नाही. बाबा, तुम्हाले किती राग आला होता तेव्हा!"

"तो प्रश्न वेगळा आहे," गुरुजी म्हणाले.

"कसा?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारलेले गुरुजी छताकडे पाहू लागले. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

भाग्यश्री माझ्याकडे वळली. "दारू पिता?"

"नाही."

"हात उचलता कोणावर?"

"नाही."

"खोटं बोलता?"

"चार वर्षं बोललो. आता तब्येत झेपत नाही."

ती पहिल्यांदा हसली. थोडंसंच, पण हसली. "मले चालते."

"अवं पण लोकं काय म्हणतीन!" आत्या.

"लोकं तर म्हणूनच राहिले आत्या, यांना छिंदवाड्यात मुलगी आहे. त्यापेक्षा खार बरी!"

आणि गुरुजींनी चहा सांगितला. आईनं ती पैंजणाची डबी तिथंच भाग्यश्रीच्या हातात ठेवली. म्हणाली, "राहू दे, कधी तरी लागतीनच." भाग्यश्री लाजली की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी स्वतःच लाजून खाली पाहत होतो.

दिवाळीनंतर साखरपुडा झाला. मोठ्या आवाजाचे एक पाहुणे छिंदवाड्याहून सहकुटुंब आले, त्यांनी बासुंदीच्या चार वाट्या संपवल्या आणि आत्यांना आपलं नाव इमरती सांगितलं. आत्या बाकीचा कार्यक्रम होईपर्यंत बसूनच होत्या.

पाहुणे पांगल्यावर मी भाग्यश्रीला बाजूला बोलावलं. छाती भरून आली होती. म्हटलं, जगात एक तरी बाई आहे जिला समजते, की पोरींचं आणि पोट्ट्यांचं असं काही नसते! मी तिच्यासाठी खास मागवलेलं पाकीट पुढे केलं. तिनं उघडलं. गुलाबी छत्री. झालरवाली, कडेनं पाचही खारी.

"हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी! दिवसभर उन्हात फिरता ना तुम्ही."

"मले गुलाबी आवडते असं कोणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कोणी... पण बायांना आवडतेच ना गुला—"

मी थांबलो. पण थोडा उशिरा थांबलो.

"बायांना काय?" पटवारीबाईंनी नजर रोखून विचारलं.

मी मिशीवरून हात फिरवला. काही उपयोग झाला नाही.

"माझ्याजवळ काळी आहे, मोठी. गारपिटीत पण वाकत नाही," ती छत्री मिटून माझ्या हातात देत म्हणाली. "आणि ते कार्टून मी नंतर परत पाहून पाहिलं. मले झोप येते. तुम्ही पाहत जा, मी नाही अडवणार. पण बाई आहे म्हणून मले सोबत बसवायचं नाही."

"नाही," मी म्हणालो. "बिलकुल नाही."

ती गेली. मी तिथंच उभा राहिलो, कान गरम झालेले, हातात छत्री. फार ओशाळलो, देवाशपथ! पण आता तुमच्यापासून काय लपवायचं? मागवताना मी दुकानदाराला दोनदा विचारलं होतं, की माझ्यासाठी अशी अजून एक मिळेल का. तो म्हणाला होता, ही शेवटचीच आहे.